सत्तरीपर्यंतचा पहारा

आजारपण अचानक येतं, हे माझ्या आतोबांनी आयुष्यात कधीच मान्य केलं नाही. त्यांच्या मते अचानक येतात ते फक्त पाहुणे. आग, आजार आणि म्हातारपण यांची आधीपासून तयारी करता येते, आणि जो ती करत नाही तो माणूस बेजबाबदार. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात, आग आणि सुरक्षा विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. आगी त्या मानाने कमी लागल्या; आगीच्या तालमी मात्र अमाप झाल्या. त्याचा परिणाम असा की, लग्नाच्या मंडपात शिरले तरी नवरा-नवरीआधी हा माणूस बाहेर पडायचा रस्ता शोधून ठेवी. कुणाच्या घरी चहाला गेले की गॅसची नळी वाकून बघत, आणि यजमानीणबाईंना म्हणत, "चहा छान झालाय वहिनी, पण ही नळी बदला. चहा परत पिता येईल." माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सांगते की लग्नानंतर पहिल्यांदा क्वार्टरमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा त्यांनी तिला उंबरठ्यावरचं माप ओलांडू दिलं आणि लगेच वाळूची बादली कुठे असते ते दाखवलं.

आमची गोष्ट त्यांच्या मागच्या खोलीत सुरू झाली. बाबा वर्ध्याकडून बहिणीच्या मागे मागे भोपाळला आले, ते कारखान्यात चिकटायला. चिकटले, पण ठेकेदाराकडे. ज्या भोंग्यावर आतोबा उठत त्याच भोंग्यावर बाबा उठत, त्याच गेटातून आत जात, तीच धूळ खाऊन परत येत. फरक एवढाच की आतोबा कारखान्याचे होते आणि बाबा ठेकेदाराचे. हा फरक एरवी दिसायचा नाही. क्वार्टरमागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो, पेरूचं झाड एकच होतं, जेवण एकाच स्वयंपाकघरात व्हायचं. फरक दिसायचा तो कुणाला ताप आला की. टाउनशिपच्या इस्पितळात कायम नोकरीवाल्यांचं मेडिकल बुक चाले. आत्याला शिंक आली तरी औषध फुकट. आमच्या घरी ताप चौथ्या दिवसावर गेला की आई देवाला आणि वाण्याला एकदमच हात जोडायची.

बाबांना विषमज्वर झाला ते वर्ष मला आठवतं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आतोबांच्या एका सहकाऱ्याने सरळ तोडगा सांगितला, "अरे, बुक में छोटा भाई लिखवा दो. कौन देखता है?" आतोबा म्हणाले, "मैं देखता हूँ." बस. विषय संपला. आईला त्या दिवशी त्यांचा फार राग आला होता, आणि मला वाटतं तो योग्यच होता. पण दुसऱ्या दिवशी हा माणूस ड्यूटीवरून थेट, खाकी वर्दीत, बाबांना आणि मला घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथे वर्दी आणि हेल्मेट बघून लोकांना वाटलं, आतल्या बाजूला आग लागली. बघता बघता रांग मोकळी झाली. खिडकीसमोर आम्ही एकटेच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, देवच पावला. आतोबांनी काय केलं? पळालेल्या सगळ्यांना आवाज देऊन परत बोलावलं, "आग नहीं है भाई, टाइफ़ाइड है!" म्हणून सांगितलं, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी उभं केलं, आणि आम्हाला घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन थांबले. बाबा तापाने फणफणलेले. तरी हसत होते. बरे झाल्यावर कित्येक वर्षं ते म्हणायचे, "भाऊजींनी मले वाचोलं, पण आधी सगळ्या भोपाळले वाचोलं."

असा हा माणूस. खोटं बोलायचं नाही, ही त्यांची खोड होती. तत्त्व वगैरे मोठे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. काही लोकांना लसणीचा वास सहन होत नाही, तसं त्यांना खोटं सहन व्हायचं नाही. आणि याच खोडीने पुढे आमचं मोठं नुकसान केलं. पण ते खोटं न बोलल्याने झालं की जीव लावल्याने झालं, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

झालं असं. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास सरकारची माणसं घरोघर मोजणी करत फिरत होती. कुणाच्या घरी काय आहे, कोण काय कमावतं, भिंत कच्ची की पक्की. आमच्या क्वार्टरवर एक बाई आल्या. ऊन होतं. आतोबांनी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. बाईंनी विचारलं, "पीछे वाले अलग परिवार हैं क्या? खाना एक जगह बनता है कि अलग-अलग?" आतोबांना तो प्रश्नच अपमानाचा वाटला. "अलग काहे का? एक ही चूल्हा है. साला है मेरा, किरायेदार थोड़े ही है!" आत्याने आतून दुजोरा दिला, आईनेही मान डोलावली. बाईंनी लिहून घेतलं: घर एक. त्यात कायमची नोकरी आली, फ्रिज आला, स्कूटर आली. आम्ही पाणी पिऊन ग्लास ठेवावा तितक्या सहज सुखवस्तू झालो.

पुढे आतोबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. त्यांनी सोनागिरीत छोटं घर बांधलं आणि आम्ही त्याच गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी बी. कॉम. झाले. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायची संधी मी सोडत नाही, आताही सोडली नाही. मिसरोदच्या एका खाजगी कॉलेजच्या कार्यालयात मला नोकरी लागली. आतोबा तेव्हापासून मला नावाने हाक मारायचे बंद झाले. "काय ग्रॅज्युएट, आज जेवलीस का?" "ग्रॅज्युएट, जरा ही चिठ्ठी वाच." आणि दरम्यान ती सरकारी योजना आली: गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इस्पितळाचा खर्च माफ, फक्त कार्ड हवं. गल्लीतल्या लोकांनी रांगा लावल्या. आम्हीही गेलो. सेवा केंद्रावरच्या पोराने बाबांचं नाव तीन-चार प्रकारे घालून बघितलं आणि म्हणाला, "नहीं आ रहा, मैडम. उस पुराने सर्वे से लिस्ट बनी है. उसमें आपका परिवार अलग है ही नहीं."

तेव्हा आम्ही सोडून दिलं. निरोगी माणसाला कार्ड म्हणजे उन्हाळ्यातलं स्वेटर. पण त्यानंतर काही वर्षांनी बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप अरुंद झालीय. आज घाई नाही, पण फार लांबवूही नका, ती बदलावी लागेल. खर्च सांगितला. आईने शांतपणे विचारलं, "हे हृदयाच्या दोन्ही बाजूंचं मिळून सांगताय का?" डॉक्टरांना कळेना. सरकारी इस्पितळात चौकशी केली, तिथेही झडपेचे पैसे भरायचे होते आणि तारीख लांबची होती. माझ्या नोकरीत विमा होता, पण तो माझ्यापुरता. मी तरुण, धडधाकट, आणि विमा माझा. ज्याचं हृदय अडलंय तो बाहेर. मला टाउनशिपचं ते इस्पितळ आठवलं.

मग मी विम्याचा एजंट बोलावला. कोटरा सुल्तानाबादहून आला होता, फार गोड बोलणारा मुलगा. त्याने दिलेलं इंग्रजी माहितीपत्रक मी दोन संध्याकाळ घेऊन बसले. शब्द सगळे कळले, वाक्य एकही कळलं नाही. आतोबाही चष्मा चढवून शेजारी बसले. त्यांना तर शब्दही कळत नव्हते. पण त्यांनी ते सगळं कारखान्याच्या भाषेत बसवून घेतलं. "हे बघ ग्रॅज्युएट, हप्ता म्हणजे मुख्य दरवाजा. तो सगळे रंगवून ठेवतात. आपल्याला बघायचाय मागचा जिना. आग लागल्यावर तो उघडा असेल का?" मग त्यांनी एजंटला जिना विचारायला सुरुवात केली. आधीपासून असलेल्या आजाराला किती वर्षं थांबायचं? खोलीचं भाडं ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर बाकीचं कोण देणार? बिलातला काही हिस्सा आपल्याच खिशातून जाणार आहे का, आणि हे आत्ता सांगणार की टाके घातल्यावर? पोरगा घामाघूम. शेवटी तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दीदी, वॉल्व वाली बात फ़ॉर्म में मत डालिए. शुगर भी मत लिखिए. थोड़ी-बहुत तो सबको रहती है. सब हो जाएगा."

खरं सांगते, मी लिहिणार नव्हतेच. पण आतोबांनी पेन उचललं आणि बाबांचा सगळा आजार, धाप, साखर, पायाची सूज, एवढंच नाही तर विषमज्वरसुद्धा, स्वच्छ अक्षरात लिहून टाकला. "बेटा," ते एजंटला म्हणाले, "सिलिंडर ख़ाली है और ऊपर लिखा है भरा हुआ. इससे बड़ा गुनाह मेरी नौकरी में नहीं था." कंपनीचं उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे. या वयात, या आजाराला, विमा देता येणार नाही.

त्या दिवशी मी आतोबांच्या ओट्यावर उभी राहून त्यांच्याशी भांडले. एजंटचं ऐकलं असतं तर निदान काहीतरी हातात असतं, म्हटलं. आतोबा म्हणाले, "हातात नसतंच. आपण हप्ते भरले असते आणि ऐन वेळेला त्यांनी जुने कागद काढून नाही म्हटलं असतं." हे मला कळत होतं, म्हणूनच जास्त चिडले. म्हटलं, "आणि त्या मोजणीवाल्या बाईला तुम्ही दोन चुली सांगितल्या असत्या, तर ही वेळच आली नसती."

आत्या आतून बाहेर आली.  आतोबा एवढंच म्हणाले, "दोन नव्हत्या गं."

 आत्याने दोघांनाही आत बोलावून जेवायला वाढलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, बातमी आली: सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना ते कार्ड मिळणार. श्रीमंत असो, गरीब असो, जुन्या यादीत नाव असो-नसो. बातमीवर आतोबांचा विश्वास बसेना. "सगळ्यांना म्हणजे? एवढा मोठा दरवाजा? जिना नक्की बंद असणार." मी नियम शोधून काढले, हिंदीतले आणि इंग्रजीतले, दोन्ही वाचले, आणि यावेळी वाक्यंसुद्धा कळली. उत्पन्नाची अट नाही. आधीपासूनच्या आजाराला थांबायचं नाही. हप्ता नाही. फक्त वय सत्तर, आणि ते आधारवर दिसलं पाहिजे. मी आतोबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळीला "पुन्हा वाच" म्हटलं. माझ्या शिक्षणाचा इतका सोहळा पदवीदानालाही झाला नव्हता.

अडचण एकच होती. बाबा सत्तरचे नव्हते. आत्याच्या हिशेबाने ते केव्हाच झाले होते. ती ठासून सांगायची, "तो पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, मी बैलांची शिंगं रंगवत होते, मला विचारा!" पण आधारवर बाबांचा जन्म एक जानेवारीचा होता, जसा त्या पिढीतल्या निम्म्या हिंदुस्थानाचा आहे, आणि साल असं होतं की सत्तरीला अजून सव्वा वर्ष बाकी होतं. आतोबांनी आत्याला समजावलं, "पोळा कॉम्प्युटरला दिसत नाही. एक जानेवारीच धरायची." आणि त्यांनी बाबांना समोर बसवून हुकूम सोडला, "सालेसाहेब, ऐका. सत्तर होईपर्यंत तुम्हाला आजारी पडायची परवानगी नाही."

लोक वय लपवतात, केस काळे करतात. आमच्या घरात मात्र एका माणसाला म्हातारं करायची मोहीम सुरू झाली. आतोबांनी बाबांचा ताबा घेतला. सकाळी दाढीच्या आधी येऊन घोट्यावर बोट दाबून सूज बघायचे. चौकातल्या पोहे-जिलबीवाल्याला त्यांनी बाबांचा फोटो दाखवून ठेवला, "इनको पोहा देना, जलेबी नहीं. माँगें तो मुझे फ़ोन करना." पोहेवाला इतका घाबरला की तो बाबांना पोहेही देईना. बाबा चिडायचे. "काहून बाप्पा भाऊजी, मी का लहान पोट्टा आहो का?" आतोबा शांतपणे म्हणत, "तीच तर पंचाईत आहे. अजून एकोणसत्तरचे आहात." गल्लीतले लोक चेष्टा करत. समोरचे गुप्ताजी विचारायचे, "भाईसाहब, आपके साले साहब कब पक रहे हैं?" जणू आंबा होता. आतोबाही गंभीरपणे उत्तर देत, "जनवरी में."

पण नुसत्या पहाऱ्याने त्यांचं समाधान होईना. कारखान्यात शिकले होते तेच त्यांनी गल्लीत आणलं, मॉक ड्रिल. एक रविवार ठरला. बाबांना धाप लागली असं समजायचं. आईने अमुक औषध जिभेखाली द्यायचं. मी फाईल घ्यायची. गुप्ताजींनी रिक्षा दारात आणायची. आत्याने कुलूप लावायचं. आतोबा शिट्टी घेऊन मधोमध उभे. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, फक्त रुग्ण हसत होता. "सालेसाहेब, हसू नका, तुम्ही अत्यवस्थ आहात!" आतोबा ओरडले. बाबांनी डोळे मिटले आणि इतका हुबेहूब विव्हळण्याचा आवाज काढला की पलीकडच्या घरातल्या वर्ध्याच्याच एका आजी धावत आल्या, बाबांना चौघांनी उचललेलं पाहिलं, आणि उलट्या पावली घरी जाऊन गावाकडे फोन केला. आम्ही चौकापर्यंत जाऊन, भजी खाऊन, तालीम यशस्वी झाली म्हणून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचे दोन चुलत भाऊ आणि एक वहिनी रात्रीच्या गाडीने येऊन दारात हजर! वहिनींनी उंबरठ्यावरूनच गळा काढला. बाबा आत बसून दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या साबणातल्या तोंडाने बाहेर डोकावून विचारलं, "कोण गेलं वो?"

पाहुणे चार दिवस राहिले. आतोबांनी त्यांनाही घोटे दाखवायला लावले.

मधल्या काळात ते शहरातली इस्पितळं बघत फिरत होते. धडधाकट माणूस इस्पितळात जाऊन रुग्णासारखी चौकशी करतो म्हटल्यावर सुरक्षारक्षक संशय घेत. योजनेच्या खिडकीवर ते आदबीने विचारत, "बहनजी, वॉल्व भी इसी में है, या वॉल्व अलग से लाना पड़ेगा?" एका ठिकाणी उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे. घरी येऊन मला सांगत. मी ते नियमांशी ताडून बघायची. एकदा त्यांनीच ठरवलं की उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, घरमालकाची चिठ्ठी, सगळं लागणार, आणि एक जुनी सूटकेस भरली. मी सांगून थकले, यातलं काही लागत नाही. ते म्हणायचे, "ग्रॅज्युएट, सरकार एवढ्या सोप्या गोष्टी करत नाही." त्यांच्या अनुभवाने ते बोलत होते, मी वाचलेल्या नियमाने. आम्हा दोघांनाही एकमेकांची खात्री नव्हती, पण दोघं मिळून कुठेतरी पोचत होतो.

एवढी थट्टा चालली होती, पण खरी गोष्ट सगळ्यांना दिसत होती. बाबांचं चालणं कमी होत होतं. पावसाळ्यानंतर ते गल्लीच्या टोकापर्यंतही जाईनात. आडवं झालं की धाप लागायची; आधी उशी एक होती, मग दोन झाल्या. डॉक्टर म्हणायचे, लवकर करा. डिसेंबर उजाडला तशी भोपाळची थंडी हाडात शिरायला लागली, आणि आतोबा दिवसातून तीनदा यायला लागले. आता ते विनोद करत नव्हते. नुसते बसायचे, बाबांचा श्वास मोजल्यासारखे.

आणि महिनाअखेरीस, एका दुपारी, जेवण झाल्यावर, बाबांना खरोखरची धाप लागली. ओठ निळसर झाले. मला नवल वाटतं ते याचं की आमच्यापैकी कुणीही गडबडलं नाही. आईने औषध जिभेखाली ठेवलं. मी फाईल घेतली. गुप्ताजींची रिक्षा दारात आली, आत्याने कुलूप लावलं. ज्याने हे सगळं शिकवलं तो एकटा माणूस सगळं विसरला होता. आतोबा दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आले, शिट्टी नाही, हुकूम नाही. रिक्षात बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून राहिले. बाबांना बोलवत नव्हतं. तरी अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडून विचारलं, "भाऊजी... हे खरं आहे का... ड्रिल?"

आतोबांनी त्यांच्याकडे बघितलं. 

"ड्रिल आहे रे," ते म्हणाले. "ड्रिलच आहे. हसू नको."

माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात उच्चारलेलं हे एकच खोटं.

सरकारी इस्पितळात बाबांच्या छातीतलं पाणी औषधांनी उतरवलं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस मिळालेत, फार नाही. ते दिवस आम्ही खाटेशेजारी बसून काढले. नवीन वर्ष आलं तेव्हा शहरात फटाके वाजले, आणि वॉर्डात आत्याने बाबांच्या कपाळाला कुंकू लावून बाबांना साखर म्हणून एकेक पेढा आमच्याच तोंडात कोंबला. बाबा सत्तरचे झाले होते. सुट्टी संपून योजनेची खिडकी उघडली तशी आतोबा सूटकेस घेऊन पुढे सरसावले. खिडकीवरच्या मुलीने फक्त आधार मागितलं, बाबांचा चेहरा ओळखण्यासाठी फोन त्यांच्यासमोर धरला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हो गया, अंकल." आतोबा तिथेच उभे. "बस? और कुछ नहीं देखना?" ती म्हणाली, "नहीं अंकल, उम्र हो गई है ना इनकी." त्यांनी सूटकेस हळूच पायाने बाकाखाली सारली आणि मुलीला नमस्कार केला. ती संकोचून उभीच राहिली.

आतोबा आता थकलेत. विसरायला लागलेत. कधी कधी ओट्यावर बसून मला विचारतात, "ग्रॅज्युएट, सालेसाहेब सत्तरचे झाले का गं?" मी म्हणते, झाले आतोबा. ते म्हणतात, "मग ठीक आहे," आणि ऊन सरकेल तसे खुर्ची सरकवत बसून राहतात. बाबा संध्याकाळी त्यांना हाताला धरून चौकापर्यंत नेतात. पूर्वी कोण कुणासाठी थांबायचं ते आता उलटं झालंय.

बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या नावावर दिवस काढले. काम ठेकेदाराच्या नावावर, खोली आतोबांच्या नावावर, आणि सरकारच्या मोजणीत तर घरसुद्धा. त्या जानेवारीच्या शेवटी त्यांच्या हृदयाची झडप बदलली. बिल आम्हाला भरावं लागलं नाही. ऑपरेशन बाबांच्या स्वतःच्या नावावर झालं.